शाळेंतील पॉडकास्ट

मुद्रणकलेचा प्रसार होण्यापूर्वीं विद्या बहुतांशीं कानांच्या वाटेनें शिष्यापर्यंत जात असे. गुरूनें म्हणावें, शिष्यानें ऐकावें आणि ऐकलेलें पुन्हां म्हणून दाखवावें, अशी ती रीत होती. छापील पुस्तक मुलाच्या हातीं आलें, तेव्हां डोळ्यांचें काम वाढलें आणि कान मागें पडले. विसाव्या शतकांत नभोवाणीनें त्यांना पुन्हां शाळेंत आणलें. इंग्लंडांत बी. बी. सी. नें १९२४ सालीं शाळांसाठीं व्याख्यानें प्रक्षेपित करण्यास आरंभ केला. पुढें हिंदुस्थानांतील नभोवाणी केंद्रांनींहि शालेय कार्यक्रम सुरू केले. या परंपरेंतील अलीकडचें साधन म्हणजे पॉडकास्ट होय. हें साधन शाळेच्या कितपत उपयोगीं पडतें आणि कोणत्या अटीवर पडतें, हा विचार शिक्षकांनीं व पालकांनीं करण्याजोगा आहे.

पॉडकास्ट म्हणजे भागाभागांनीं प्रसिद्ध होणारी ध्वनिमुद्रित मालिका. ‘आयपॉड’ हें खिशांत मावणारें संगीतयंत्र आणि ‘ब्रॉडकास्ट’ म्हणजे प्रक्षेपण, या दोन शब्दांच्या जोडींतून हें नांव निघालें. इंग्रज पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनीं २००४ सालीं ‘गार्डियन’ पत्रांतील एका लेखांत तें सुचविलें. मालिकेचा नवा भाग तयार झाला कीं त्याची नोंद इंटरनेटवरील एका सूचींत होते. श्रोत्याच्या मोबाइलमधील अ‍ॅप ती सूची वेळोवेळीं तपासतें आणि नवा भाग उतरवून घेतें. एकदां उतरविलेला भाग पुढें इंटरनेट नसतांनाहि ऐकतां येतो. साध्या बोलण्याचा दहा मिनिटांचा भाग सेकंदाला ६४ किलोबिट या मापानें साठविला, तर त्याला सुमारें ५ मेगाबाइट जागा लागते. चित्रफितीच्या मानानें हा भार फारच हलका. म्हणून जेथें इंटरनेट मंद आहे किंवा डेटा काटकसरीनें वापरावा लागतो, तेथेंहि ध्वनिपाठ सहज पोहोंचतो.

नभोवाणीच्या पाठाला घड्याळाचें बंधन असे. पाठ अकरा वाजतां असला, तर वर्गानें अकरालाच सज्ज असलें पाहिजे. मध्येंच वीज गेली किंवा एखादें वाक्य निसटलें, तर तें कायमचें निसटलें. पॉडकास्टनें हें बंधन तोडलें. शिक्षकाला पाठ हवा तेथें थांबवितां येतो. सावकाश समजणाऱ्या मुलाला तोच भाग घरीं तीनदां ऐकतां येतो. आजारामुळें घरीं राहिलेल्या मुलाचाहि पाठ बुडत नाहीं. भाषेच्या अभ्यासांत तर याचें मोल विशेष आहे. शब्दांवरील आघात, वाक्याचा चढउतार, बोलीबोलींतील भेद या गोष्टी छापील पानावर उमटत नाहींत. ज्या मुलाच्या घरीं शाळेची भाषा बोलली जात नाहीं, त्याच्या कानांवर ती स्पष्टपणें व वारंवार पडणें, ही त्याच्या शिक्षणांतील मोठीच सोय आहे.

तथापि कानाला एक उणीव आहे. वाचतांना लक्ष उडालें, तर डोळा मागच्या ओळीवर परत जातो. ऐकतांना लक्ष उडालें, तरी आवाज पुढें चालूच राहतो, आणि आपलें कांहीं हुकलें हें मुलाच्या ध्यानांतहि येत नाहीं. वीस मिनिटांचें भाषण लावून शिक्षक वह्या तपासूं लागले, तर वर्ग शांत दिसेल. परंतु ती शांतता शिकण्याचीच असेल असें नाहीं. ऐकूं येणें निराळें आणि ऐकणें निराळें. हें अंतर ओळखून जो पाठ रचला जातो, तोच फलदायी होतो.

याचा उत्तम धडा पॉडकास्टच्या जन्मापूर्वीं सुमारें तीस वर्षें, मध्य अमेरिकेंतील निकाराग्वा देशांत मिळाला. तेथें १९७० नंतरच्या दशकांत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनीं प्राथमिक शाळांना रेडिओवरून गणित शिकविण्याचा प्रयोग केला. त्या पाठांत निवेदक सलग बोलत नसे. तो प्रश्न विचारी आणि थांबे. मुलें मोठ्यानें उत्तर देत किंवा वहींत आंकडा लिहीत. मग निवेदक बरोबर उत्तर सांगे आणि पुढें जाई. असे विराम एकेका पाठांत कितीतरी वेळां येत. परीक्षा घेतल्या, तेव्हां या वर्गांतील मुलांनीं नेहमींच्या पद्धतीनें शिकणाऱ्या मुलांहून अधिक गुण मिळविले, आणि खेड्यांतील व शहरांतील मुलांमधील अंतरहि कमी झालें. निवेदक गप्प होई तेव्हांच मूल शिकूं लागे, असें या प्रयोगाचें सार सांगतां येईल.

पॉडकास्ट वर्गांत लावतांना शिक्षकाला हाच मार्ग चोखाळतां येतो. समजा, भूगोलाच्या तासाला मोसमी वाऱ्यांवरील आठ मिनिटांचा भाग ऐकवावयाचा आहे. आरंभीं फळ्यावर एकच प्रश्न लिहावा : कोंकणांत मुसळधार पडणारा पाऊस घाटापलीकडे एकाएकीं कां ओसरतो? वारे सह्याद्रीला येऊन भिडले, येथपर्यंत भाग ऐकवून थांबवावा. मुलांनीं समुद्र, कोंकण, घाट आणि देश यांची बाजूनें दिसणारी आकृति वहींत काढून उत्तराचा तर्क करावा, आणि मग उरलेला भाग ऐकून तो पडताळून पाहावा. शेवटीं प्रत्येकानें शेजाऱ्याला दोन वाक्यांत सारांश सांगावा. असा आठ मिनिटांचा भाग पुरा तास व्यापतो, आणि तो व्यापावा हेंच इष्ट. मात्र नकाशा, भूमितीची आकृति, अक्षराचें वळण या गोष्टी डोळ्यांच्याच आहेत. त्या कानांवर लादूं नयेत.

ऐकण्याहूनहि मोठा लाभ पॉडकास्ट तयार करण्यांत आहे. अमेरिकेंतील ओमाहा शहराच्या विलोडेल प्राथमिक शाळेंतील मुलांनीं २००५ सालीं ‘रेडिओ विलोवेब’ नांवाची मालिका सुरू केली. मुलेंच आपल्या अभ्यासाचे विषय इतर मुलांना समजावून सांगत. पुढें २०१९ सालीं नॅशनल पब्लिक रेडिओच्या विद्यार्थी-स्पर्धेंत टेनेसी राज्यांतील एलिझाबेथटन हायस्कूलच्या विद्यार्थ्यांचा भाग विजयी ठरला. त्यांच्याच भागांतील अर्विन गांवीं १९१६ सालीं मेरी नांवाच्या सर्कशींतील हत्तिणीला रेल्वेच्या यारीवर लटकावून जाहीर फांशी देण्यांत आलें होतें. एका शतकानंतरहि गांवाच्या नांवाला चिकटून राहिलेला तो कलंक, आणि त्यांतून वर येण्याची गांवाची धडपड, हा त्या मुलांचा विषय होता. इतिहासाचें पुस्तक पाठ करून हें साधत नाहीं. त्यासाठीं माणसांना भेटावें लागतें, प्रश्न योजावे लागतात, माहिती ताडून घ्यावी लागते आणि निरर्थक वाक्यें निष्ठुरपणें गाळावीं लागतात.

याला फार साधनसामग्री लागते असें नाहीं. एक मोबाइल, पंखा बंद केलेली खोली आणि आवाज घुमूं नये म्हणून भिंतींवर टांगलेल्या एकदोन गोधड्या एवढ्यावर काम भागतें. स्वतःचा आवाज परत ऐकतांना मुलाला आपले उच्चार आपोआप कळतात. चारचौघांत उभें राहून बोलण्यास जें मूल बिचकतें, त्याला येथें चुकण्याची व पुन्हां म्हणण्याची मुभा मिळते.

कांहीं दक्षता मात्र आवश्यक आहेत. ज्यांना कमी ऐकूं येतें त्यांच्यासाठीं प्रत्येक भागाची लिखित प्रत असलीच पाहिजे. नाहीं तर नवें साधन त्यांना वर्गांतूनच वगळील. मुलांचा आवाज बाहेर प्रसिद्ध करावयाचा असल्यास पालकांची संमति घ्यावी. शिवाय घरोघर स्मार्टफोन आहे असें गृहीत धरूं नये. २०२० सालीं कोविडच्या सांथींत शाळा बंद झाल्या, तेव्हां आकाशवाणीच्या नागपूर केंद्रावरून ‘प्रथम’ संस्थेच्या साहाय्यानें ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम मुलांसाठीं सुरू झाला. जेथें नवें साधन पोहोंचत नाहीं, तेथें जुन्या नभोवाणीला अजूनहि काम आहे, हें त्यावरून दिसतें.

यंत्र एकच वाक्य शंभरदां न कंटाळतां म्हणेल. परंतु तें वाक्य कोणत्या मुलाला कळलें नाहीं, हें त्याच्या चेहऱ्यावरून ओळखणें शिक्षकालाच साधतें. पाठ कोठें थांबवावा आणि थांबल्यावर कोणाला बोलूं द्यावें, हें ज्या शिक्षकाला उमगलें, त्याच्या वर्गांत पॉडकास्ट मुलांना मुकें करणार नाहीं. तो त्यांना बोलतें करील.