टबाच्या काठाची फट

नवा बाथटब बसला आणि काही महिन्यांत खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली, की दोष टाइल्सना दिला जातो. पण टाइल्सच्या सांध्यांतलं सिमेंटचं ग्राउट पाणी शोषतं. पाणी अडवतो तो टाइलमागचा वॉटरप्रूफिंगचा थर. त्याचे दोन हात हवेत, दुसरा पहिल्याला आडवा. मग जमिनीवर पाणी तुंबवून निदान 24 तास थांबायचं. घाईत नेमकी हीच चाचणी गाळली जाते.

टब आणि टाइल यांच्यामधल्या फटीत मात्र ग्राउट नको, सिलिकॉनच हवं. 200 लिटर पाणी म्हणजे 200 किलो वजन. अ‍ॅक्रिलिकचा टब त्याखाली किंचित दबतो आणि ग्राउटला तडा जातो.

म्हणून चांगला कारागीर आधी टब पाण्याने भरतो, फट पुरती उघडली की सिलिकॉन ओढतो, आणि ते सुकेपर्यंत पाणी सोडत नाही.