गणिताचा पहिला धडा

मूल वीसपर्यंत अंक घडाघडा म्हणू लागले की घरच्या मंडळींस धन्यता वाटते. पण त्यालाच ‘पाच शेंगा दे’ म्हणावे, तर ते मूठभर शेंगा पुढे करते. अंक पाठ होणे निराळे आणि संख्या कळणे निराळे. मोजताना शेवटी उच्चारलेला अंक हीच सगळ्यांची संख्या, हे मुलास बहुधा चौथ्या वर्षाच्या आगेमागे उमगते. आणि तेही वस्तू हाताळीत, कोणाशी तरी बोलत.

मराठी मुलास आणखी एक अडचण आहे. ‘एकवीस’ म्हणताना एक आधी येतो, लिहिताना मात्र दोन आधी. आणि ‘एकोणतीस’ नाव घेते तिसाचे, पण राहते विसाच्या घरात! २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ असेही वाचन दिले, तेव्हा केवढा गदारोळ उठला! गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना मुलांची वाट सोपी करावयाची होती.

ही वाट घरीही सोपी करता येते. पाढा चुकला म्हणून मी माझ्या मुलास रागे भरत असे. पुढे गणिताची वही दिसताच तो मुका होई. शाळेत शिकविणारा मी घरी नापास झालो. आता सावेडीस नातीबरोबर पाने मांडतो. ‘माणसे सहा, वाट्या चार, आणखी किती आणशील?’ ती चुकली तर इतकेच म्हणतो, ‘मांडून पाहू.’ अर्धी भाकरी, चतकोर भाकरी हेच तिचे अपूर्णांक.

आज पाने घेताना आपणही मुलास हाक मारावी, एवढीच विनंती.