भट्टी किती वाजेपर्यंत?

संध्याकाळी ५

संपादकांना ‘शहरात रात्री कुठे खावं’ यावर दोन पानं हवी आहेत. छत्रपती संभाजीनगरात या कामाला संध्याकाळीच बाहेर पडावं लागतं, कारण रात्री पोटात काय पडणार हे आत्ता देगीत काय शिजतंय यावर ठरतं. रोशन गेटच्या बाजूला एका भटारखान्यात नानची भट्टी तापली आहे. कारागीर मैद्याचा गोळा ताटलीएवढा पसरतो, बोटांनी टोचे मारतो, वरून हळद-गुळाच्या पाण्याचा हात फिरवतो, कापडी गादीवर घेतो आणि भट्टीच्या भिंतीवर थापतो. हात कोपरापलीकडे आत जातो, पण चेहऱ्यावर काही नाही. बाहेर येतो तो पिवळाधमक, मऊ नान.

“भट्टी कब तक चालू?” मी विचारतो.

“माल है तब तक, साब.”

वहीत वेळेच्या रकान्यात हेच लिहून घेतो.

संध्याकाळी ७

नान खलिया, म्हणजे नान आणि मटणाचा रस्सा, खायची खरी वेळ हीच. देग नुकतीच उघडलेली असते आणि तर्री वर तरंगत असते. जुनी गिऱ्हाईकं मटणाआधी तर्री मागतात. मुहम्मद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी दिल्लीहून दौलताबादला हलवली आणि त्याच्या फौजेबरोबर हा पदार्थ आला, ही गोष्ट इथे वाढपीही सांगतो. सांगू दे. पण लाल मिरची पोर्तुगीजांबरोबर हिंदुस्थानात आली, म्हणजे तुघलकानंतर पावणेदोनशे वर्षांनी. फौजेने खाल्लं असेल ते काही तरी वेगळंच. आज ताटात आहे ती चव पुढच्या पिढ्यांच्या बावर्च्यांची, आणि श्रेय त्यांना द्यावं.

रात्री ९

सिडकोचं कॅनॉट प्लेस, मग निराला बाजार. पोरं-पोरी, गाड्या, मोमो, शोरमा, गर्दी. या वेळेला कुणालाही कुठेही जेवण मिळतं, त्यामुळे वहीत भर काही नाही.

रात्री साडेदहा

जालना रोडवरचा एक बार. बारची यादी करणं सगळ्यात सोपं, कारण बंद व्हायची वेळ परवान्याला बांधलेली असते. राज्याचा दुकाने व आस्थापना कायदा १९ डिसेंबर २०१७ ला लागू झाला आणि हॉटेलांना चोवीस तास उघडं राहायची मुभा मिळाली. परमिट रूम आणि बिअर बार मात्र त्यातून वगळले गेले. ऑक्टोबर २०२५ मध्ये सरकारने हेच पुन्हा स्पष्ट केलं. म्हणजे रात्री तीनला इडली विकणं कायदेशीर आहे. तरी इडलीवाला अकरालाच शटर निम्मं ओढतो, कारण गस्तीची गाडी आली की कायद्याची प्रत कोण दाखवत बसणार?

गंमत अशी, की बिअरचे मोठे कारखाने याच शहराच्या औद्योगिक वसाहतींत आहेत. २०१६ च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या इथल्याच खंडपीठाने मद्य कारखान्यांच्या पाण्यात कपात करायला लावली होती. बिअर बनवणारं शहर स्वतः मात्र वेळेत झोपतं. शेजारच्या टेबलावर ‘लास्ट ऑर्डर’ची हाक येते. बरोबरच्या तरुण मंडळींसाठी एक सूचना: राज्यात बिअरला वयाची एकवीस वर्षं लागतात, कडक दारूला पंचवीस. वेटरने वय विचारलं तर चिडू नका.

रात्री साडेअकरा

उस्मानपुऱ्यात तारा पान सेंटर. पाच हजारांच्या कोहिनूर पानाची बातमी देशभर झाली, पण समोरच्या गर्दीतले बहुतेक जण साधं मसाला पानच घेताना दिसतात. मीही तेच घेतो.

रात्री साडेबारा

आता खरी परीक्षा. रेल्वे स्टेशनवर मुंबईकडची देवगिरी एक्स्प्रेस गेली की बाहेरचे निम्मे गाडे आवरतात. उरलेले रिक्षावाल्यांच्या जिवावर चालतात. “कुछ मिलेगा क्या अभी?” म्हटल्यावर एक चाचा मोबाइल काढून कुणाला तरी विचारतात, “भट्टी है?” उत्तर येतं, “हौ, बीस नान हैं.” माझ्या वहीतल्या सगळ्या पानांपेक्षा हा फोन भरवशाचा. अट एकच, मटण खाणारा पाहिजे.

रात्री दीड

शाकाहारी माणसाने घाटी रुग्णालयाचा परिसर किंवा मध्यवर्ती बसस्थानक गाठावं. घाटीबाहेर चहाच्या टपरीवर नातेवाईक उभे असतात. कुणाच्या हातात औषधांची पिशवी, कुणाकडे गावाकडून बांधून आणलेली भाकरी. इथे चवीची चर्चा करायला जीभ वळत नाही. चहा घेऊन मी पुढे निघतो. बसस्थानकावर पोहे मिळतात. कढई मोठी, पोहे कधी ओले, कधी कोरडे, शेव मात्र सढळ हाताने. ठिकाण उत्तम नाही, पण गरम आहे, आणि या वेळेला मी तेवढ्यावर गुण देतो.

रमजानमध्ये ही सगळी वही बाद होते. तेव्हा बुढीलेन, सिटी चौकाची रात्र सहेरीपर्यंत उतरत नाही, हलीमच्या देगींभोवती रांगा असतात, आणि मटण न खाणाऱ्यालाही फळं, शेवया, मिठाई मिळते. पाहुण्याने शहरात रात्री जेवायला यायचं तर त्या महिन्यात यावं.

पहाटे ४

जाधववाडीची बाजार समिती. भाजीचे टेम्पो लागतात, हमालांची न्याहरी सुरू होते. चहा, भजी, पाव. मालक आत्ताच आलेला, त्यामुळे सगळं ताजं. दोन पानांतली सगळ्यात चांगली भजी मी इथल्याच नावावर लिहितो.

वाचकांना एवढंच सांगायचं: छापलेल्या यादीतली वेळ पाहून घराबाहेर पडू नका. निघण्याआधी स्टेशनवरच्या रिक्षावाल्याला भट्टीचं विचारा, आणि रात्री साडेबारानंतर पाचशेची नोट मोडून मिळेल अशी आशा धरू नका.