‘एसजीपीटी नॉर्मल’ म्हणून निर्धास्त राहू नका!

१४ एप्रिलच्या जयंतीनिमित्त आपल्या वस्त्यावस्त्यांतून रक्तदान शिबिरे होतात. त्यानंतर एखाद्या बांधवाला रक्तपेढीचे बोलावणे येते आणि आपल्या रक्तात हिपॅटायटिस बी असल्याचे त्याला कळते. पुढे एसजीपीटी तपासली जाते. ती नॉर्मल आली की रिपोर्ट कपाटात जातो आणि विषय संपतो. आम्हा कार्यकर्त्यांना याचीच काळजी वाटते.

लिव्हरच्या पेशींना इजा झाली की एसजीपीटी रक्तात उतरते. म्हणजे सध्या किती इजा होत आहे, एवढेच हा आकडा सांगतो. आजवर किती वण पडले, हे तो सांगत नाही. तैवानमध्ये साडेतीन हजारांहून अधिक बाधितांवर अनेक वर्षे लक्ष ठेवले गेले. २००६ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रक्तात विषाणू जितके जास्त, तितका सिरॉसिसचा आणि कॅन्सरचा धोका जास्त. मग एसजीपीटी नॉर्मल का असेना!

वणांचा अंदाज घेण्यासाठी ‘एप्री’ नावाचा सोपा हिशेब आहे. एसजीओटीच्या आकड्याला लॅबने छापलेल्या कमाल मर्यादेने भागावे. उत्तराला प्लेटलेट्सच्या हजारांनी भागून १०० ने गुणावे. समजा, एसजीओटी ४०, मर्यादा ४० आणि प्लेटलेट्स १ लाख ६० हजार. १ भागिले १६०, गुणिले १००, म्हणजे सुमारे ०.६. दोन्ही आकडे नॉर्मल! तरीही जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या मार्गदर्शनानुसार प्रौढ रुग्णात उत्तर ०.५ च्या वर असेल, तर औषधोपचाराचा विचार व्हावा.

मात्र केवळ या हिशेबाने निदान होत नाही. डेंग्यूसारख्या तापातही प्लेटलेट्स उतरतात. म्हणून विषाणूंची मोजणी म्हणजे डीएनए तपासणी आणि फायब्रोस्कॅन यांविषयी डॉक्टरांना जरूर विचारावे. वय चाळिशीपुढे असेल किंवा घरात कुणाला लिव्हरचा कॅन्सर झाला असेल, तर मुळीच टाळाटाळ करू नये. दारू तर सोडावीच. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात ठरावीक सरकारी रुग्णालयांत तपासणी व औषधे मोफत मिळतात.

आणखी एक सांगणे. हा आजार एका ताटात जेवल्याने होत नाही. अस्पृश्यतेचे चटके सोसलेल्या समाजाने आपल्याच रुग्णाचे ताट वेगळे ठेवू नये. घरच्यांची तपासणी करून त्यांना लस द्यावी.

ऐकीव गोष्टीवर विसंबू नका, स्वतः पारखून घ्या, ही तथागतांची शिकवण. ती आपल्या रिपोर्टलाही लागू आहे.

जयभीम!