जखम भरली, पण रुग्णाचे समाधान झाले का?

संध्याकाळ झाली की पाय जड होतात, पोटऱ्या ठसठसतात, घोट्याशी सूज दिसते. उभ्याने काम करणारे शिक्षक, वाहतूक पोलीस, न्हावी आणि ओट्यापाशी तासन्‌तास उभ्या राहणाऱ्या गृहिणी यांना हे दुखणे नवे नाही. पुढे पायांवर निळसर, नागमोडी शिरा फुगतात. या व्हेरिकोज व्हेन्सविषयी लोक बोलतात तरी. पण त्यातून घोट्याजवळ होणारी, महिनोन्‌महिने न भरणारी जखम मात्र साडीच्या काठाखाली झाकून ठेवली जाते.

असे का होते?

पायांतील रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरांमध्ये छोट्या झडपा असतात. चालताना पोटरीचा स्नायू आवळतो, रक्त वर ढकलले जाते आणि झडपा ते मागे फिरू देत नाहीत. झडपा निकामी झाल्या की रक्त खाली साचते. मग त्वचा काळवंडते, खाज सुटते आणि साधे खरचटले तरी जखम होऊन बसते. आनुवंशिकता, गरोदरपण, लठ्ठपणा आणि वाढते वय यांमुळे हा धोका वाढतो.

उपचार कोणते?

जखमेवरचा मुख्य उपचार म्हणजे पायाला घट्ट दाबपट्टी बांधणे. बिघडलेली शीर शस्त्रक्रियेने काढता येते, लेसरने आतून बंद करता येते किंवा तिच्यात फेसाळ औषध टोचता येते. ब्रिटनमध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, ५०० रुग्णांच्या अभ्यासात दाबपट्टीला शस्त्रक्रियेची जोड दिल्याने जखम लवकर भरली नाही. पण वर्षभरात ती पुन्हा होण्याचे प्रमाण २८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. २०१८ च्या अभ्यासात लेसरसारखे उपचार लगेच केलेल्यांची जखम साधारण ५६ दिवसांत भरली, तर ते लांबवलेल्यांना ८२ दिवस लागले.

रुग्णाला काय हवे असते?

डॉक्टर जखम सेंटिमीटरने मोजतात. रुग्णाचे माप वेगळे असते. रात्री झोप लागते का? पट्टीतून पाणी झिरपून वास येतो का? लग्नकार्याला चारचौघांत बसता येते का? म्हणूनच इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २००९ ते २०१७ या काळात व्हेरिकोज व्हेन्सच्या रुग्णांकडून शस्त्रक्रियेपूर्वी आणि नंतर प्रश्नावली भरून घेतली. त्यात दुखणे, सूज आणि खाज यांबरोबरच घरकामात अडचण येते का, पाय दिसतील म्हणून कपडे निवडताना विचार करावा लागतो का, असेही प्रश्न होते.

एकटेपणाचेही दुखणे असतेच. इंग्लंडमधील सफक परगण्यात एली लिंडसे या परिचारिकेने १९९५ साली 'लेग क्लब' सुरू केला. दवाखान्याऐवजी गावच्या सभागृहात, वेळ न ठरवता यायचे, पट्टी बदलून घ्यायची आणि चहा घेत गप्पा मारायच्या! ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये अशा क्लबची पाहणी झाली, तेव्हा तिथल्या रुग्णांच्या वेदना कमी झाल्याचे आणि जगणे सुधारल्याचे आढळले.

घरच्यांनी काय करावे?

जखम भरली की काम संपले, असे समजू नका. दाबाचे मोजे सोडले तर ती परत येऊ शकते. आपल्याकडच्या उकाड्यात ते नकोसे वाटतात आणि सांधेदुखी असलेल्या आजीला तर स्वतः चढवताही येत नाहीत. सकाळी अंथरुणातून उठण्यापूर्वीच ते घालून द्या. रबरी हातमोजे घातले तर पकड चांगली बसते. मोजे सैल पडले की बदला. रोज थोडे चालणे आणि झोपून पाय हृदयापेक्षा उंच ठेवणेही हिताचे.

मात्र पायाच्या रोहिण्यांतील रक्तप्रवाह तपासल्याशिवाय घट्ट पट्टी मुळीच बांधू नका. रोहिण्या अरुंद असतील तर ती घातक ठरते. मधुमेहींनी तर विशेष जपावे. जखमेवर घरगुती लेपही लावू नका.

डॉक्टरांकडे जाताना जखम दाखवाच, पण झोप, वास, मोज्यांचा त्रास हेही मोकळेपणाने सांगा. 'हे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचे?' असे जरूर विचारा. रुग्णाचे समाधान बऱ्याचदा याच उत्तरावर अवलंबून असते.