आभासी जलशात शंभरच जण का मावतात?

एप्रिल 2020. सारं जग घरात कोंडलेलं असताना अमेरिकन रॅपर ट्रॅव्हिस स्कॉटचा जलसा ‘फोर्टनाइट’ या व्हिडिओ गेममध्ये झाला. पहिल्याच खेळाला एका वेळी 1 कोटी 23 लाख लोक हजर होते. मात्र हे सगळे एका मैदानात नव्हते. त्याच मैदानाच्या असंख्य प्रती काढल्या होत्या आणि एकेका प्रतीत फार तर शंभरेक माणसं.

त्यामागे साधं गणित आहे. आभासी जगात तुम्ही हात हलवलात, की ती हालचाल तिथल्या प्रत्येकाला कळवावी लागते. शंभर जण असतील तर प्रत्येकाची खबर उरलेल्या 99 जणांना, म्हणजे 9,900 निरोप, तेही सेकंदाला अनेकदा. हजार जण जमले की निरोप 9,99,000. माणसं दहापट, काम शंभरपट. मला ही मर्यादा सोयीचीच वाटते. जत्रेत लाख माणसं असली तरी आपण बोलतो चौघांशीच.

आणि ही जवळीक चित्रापेक्षा आवाजातून जास्त जाणवते. डावीकडून कुणी हाक मारली, तर ती उजव्या कानाला सेकंदाच्या साधारण दीड हजाराव्या भागाइतकी उशिरा पोचते. तेवढ्यावरून मेंदू दिशा ओळखतो. सॉफ्टवेअर हाच उशीर मुद्दाम घालतं, मग साध्या इअरफोनवरही मित्र डाव्या हाताला उभा असल्यासारखा वाटतो. त्यासाठी डोळ्यांवर चढवायचा महागडा हेडसेट लागत नाही. हेडसेटमध्ये तर डोळ्यांपुढचं जग धावतं, कानातलं तोल सांभाळणारं इंद्रिय मात्र जागच्या जागी असतं. म्हणून अनेकांना मळमळतं.

आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या गायक संजू राठोडचं ‘गुलाबी साडी’ हे गाणं 2024 मध्ये जगभर वाजलं. चाहत्यांनी रील्सचा पाऊस पाडला, पण जो तो आपापल्या फोनसमोर नाचला. यावलचा भाऊ आणि पुण्यात नोकरीला असलेली बहीण एका मांडवात नाचतील, अशी सोय रीलमध्ये नाही. आभासी जगाचं खरं भवितव्य मला अशाच मांडवात दिसतं.

केवळ माणसं जमावीत म्हणून अख्खं नगर उभारणं आपल्याच जिल्ह्यातल्या फैजपूरला नवं नाही. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन इथे भरलं, तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी बांबूसारख्या गावच्या सामानातून अधिवेशनाचं टिळकनगर सजवलं होतं. आज फैजपुरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथल्या मुलामुलींनी स्वस्त फोनवर चालेल असा, शंभर जणांचा, आवाजावर भर देणारा आभासी मांडव करून पाहावा. त्यात गप्पा लेवा गणबोलीत आणि अहिराणीत रंगाव्यात. फक्त एक पथ्य पाळा. या बोलींमधला लेखी मजकूर थोडा असल्याने शिवीगाळ आणि मुलींची छेडछाड हेरण्यात यंत्र कच्चं पडेल. तेव्हा मांडवाच्या दारावर बोली जाणणारं माणूस पहिल्या दिवसापासून बसवा.