अर्धविरामाच्या भांडणानंतर

म्हसा गावाच्या यात्रेत बैल घेणारा आधी जबडा उघडून दात बघतो, चार पावलं चालवून बघतो. शिंगांना रंग कोणता लावलाय याकडे तो शेवटी वळतो, वळलाच तर. वेब अ‍ॅप्लिकेशनचा कोड तपासणाऱ्या मंडळींनी मात्र कितीतरी वर्षं शिंगांच्या रंगावरच घासाघीस केली.

अशा तपासणीचा मूळ हेतू तो नव्हता. 1978 साली बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सन यांनी सी भाषेसाठी ‘लिंट’ लिहिला तो कंपायलर खपवून घेतो अशा चुका दाखवायला. प्रोग्रॅम न चालवता, नुसता वाचून. जावास्क्रिप्टमध्ये हे काम 2002 मध्ये डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसलिंटने आणलं, आणि त्याबरोबर त्यांची आवडनिवडही आणली. 2011 मध्ये अँटोन कोवाल्योव्ह यांनी त्यातूनच जेएसहिंट काढला. त्यात नियम हवे तसे चालू-बंद करता येऊ लागले. 2013 मध्ये निकोलस झाकस यांनी ईएसलिंट सुरू केला आणि स्वतःचे नियम लिहून जोडायची सोय दिली. मोकळीक मिळाली, तशी भांडणंही वाढली.

ओळीच्या शेवटी अर्धविराम हवा की नको, टॅब की स्पेस, अवतरणचिन्ह एकेरी की दुहेरी. रिव्ह्यूला कोड टाकला की पहिल्या दहा शेऱ्यांत एकही शेरा कोड बरोबर चालतो का यावर नसे. 2017 मध्ये प्रिटियर आला, तो फाइल सेव्ह करताच सगळं स्वतःच्या मर्जीने मांडतो आणि फारसं विचारत नाही. त्याची मांडणी मला आजही सगळीकडे आवडत नाही, पण भांडायला कोणी उरलं नाही हे फार मोठं काम झालं. 2023 च्या अखेरीस ईएसलिंटनेही मांडणीचे आपले नियम निवृत्त करायला घेतले. उशिरा का होईना.

उरले ते खरे दोष. आमचं अ‍ॅप्लिकेशन भाजी खरेदीच्या नोंदींचं. मी म्हशात बसून काम करायचो, बाकीचे शहरात. शेतकऱ्याची बाकी शून्य आहे का, असं विचारायच्या जागी बरोबरचं चिन्ह एकदाच पडलेलं एका फाइलीत सापडलं. म्हणजे प्रोग्रॅम विचारत नव्हता, बाकी शून्य करून पुढे जात होता. स्क्रीनवर एररही नाही. असलं डोळ्यांना दिसत नाही. लिंटर, म्हणजे असं तपासणारं साधन, ते क्षणात दाखवतो, आणि हा नियम ईएसलिंटच्या शिफारशीच्या संचात आहेच.

दुसरा दोष गावाशी जास्त जोडलेला. सर्व्हरवर नोंद व्हायची वाट न बघता प्रोग्रॅम ‘जमा झाली’ असा संदेश दाखवायचा, कारण कोडमध्ये ‘अवेट’ लिहायचं राहिलेलं. शहरातल्या फायबरवर नोंद इतकी झटपट पोचते की टेस्टिंगमध्ये काही कळत नाही. इथे पावसात टॉवरची रेंज गेली की संदेश दिसतो आणि वजनाची नोंद मात्र कुठेच नाही. टाइपस्क्रिप्टसाठीच्या ईएसलिंटमध्ये यावर नियम आहे. मला विचाराल तर बाकी सगळे काढा, पण हा एक ठेवा.

जुन्या प्रोजेक्टला लिंटर लावताना सगळे नियम एकदम चालू करणं हा वेडेपणा. हजारो ओळी लाल होतात आणि दोन दिवसांत प्रत्येक जण ओळीवर ‘हा नियम इथे नको’ अशी टिप्पणी चिकटवायला शिकतो. आम्ही कमिट करताना फक्त बदललेल्या फाइली तपासायचं ठरवलं, त्याने निभावलं. एप्रिल 2025 मध्ये ईएसलिंटने जुने दोष एका वेगळ्या फाइलीत नोंदवून फक्त नव्यांवर ओरडायची सोय आणली. ती आधी असती तर बरीच वादावादी टळली असती.

हत्यारांचीही निगा राखावी लागते. टाइपस्क्रिप्टसाठीचा टीएसलिंट 2019 मध्ये मोडीत निघाला. त्याच्या आदल्या वर्षी, जुलै 2018 मध्ये, ईएसलिंटच्याच एका पॅकेजमध्ये चोरट्याने एनपीएमची लॉगिन टोकनं पळवणारा कोड घुसवला होता. राखणदारच फितूर झाल्यासारखी गत. 2024 मध्ये ईएसलिंटच्या नवव्या आवृत्तीने कॉन्फिगरेशनची पद्धतच बदलली आणि अनेक प्लगइन महिनोन् महिने मागे रेंगाळले. आता बायोमसारखी, एकाच डाउनलोडमध्ये मांडणी आणि तपासणी दोन्ही करणारी साधनं आली आहेत. हळू नेटवर शेकडो छोटी पॅकेजं उतरवणाऱ्याला त्याची किंमत कळते. अवेटचा तो नियम मात्र टाइपची पूर्ण माहिती असल्याशिवाय नीट चालत नाही, म्हणून आम्ही अजून ईएसलिंट सोडलेला नाही.